कातिबाचे पान आणि मोबाइलवरचा वर्ग

२०२० च्या पावसाळ्यात मी उर्दू गद्याच्या नोट्स वहीत हाताने उतरवून काढल्या, खिडकीच्या उजेडात एकेका पानाचा फोटो घेतला आणि व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. मी कळंब्यातल्या घरात, आणि फोनच्या पलीकडे बाहेरून बी.ए. करणाऱ्या पाच मुली. माझी नोकरी शाळेतली. या माझ्या जुन्या विद्यार्थिनी, म्हणून त्यांच्या पदवीच्या अभ्यासाला मी हातभार लावत होते.

टाइप केलेल्या नोट्स माझ्याकडे नव्हत्या असे नाही. पण त्या इनपेजमध्ये होत्या. उर्दूवाल्यांना हे सॉफ्टवेअर सांगायला नको. १९९४ पासून आपली पुस्तके, पत्रिका, लग्नाचे रुक्के सगळे त्याच्यावरच निघत आले. ती फाइल मुलींच्या फोनवर उघडेना. मजकूर उचलून चिकटवला तर भलतीच अक्षरे उमटत. पीडीएफ करायची तर संगणक शाळेत आणि शाळेला कुलूप. मराठी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याचीही तीच गत होती, त्यांच्या नोट्स जुन्या श्रीलिपीतल्या. शेवटी आम्ही दोघांनीही पेन उचलले.

फोटो पाठवताना मला शिळाप्रेस आठवला. नस्तालीक लिपीत अक्षर शेजार पाहून आकार बदलते आणि शब्द उजवीकडून डावीकडे तिरका उतरत जातो. शिशाच्या खिळ्यांना हे कधी नीट जमले नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात शिळाप्रेस रुजला तेव्हा उर्दूने तो मनापासून स्वीकारला. कातिब, म्हणजे सुलेखनकार, तेलकट शाईने पान लिहायचा, ते दगडावर उतरायचे आणि प्रती निघायच्या. लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांचा १८५८ मध्ये सुरू झालेला छापखाना याच तंत्रावर वाढला. मराठीनेही सुरुवात तिथूनच केली होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापले ते शिळाप्रेसवर. पण देवनागरीचे खिळे पुढे सुबक होत गेले, जावजी दादाजींचा निर्णयसागर उभा राहिला आणि मराठी दगड सोडून पुढे निघाली. उर्दू कातिबाच्या हातातच राहिली, ती थेट १९८१ पर्यंत. त्या वर्षी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड हाताने लिहून ते मोनोटाइपच्या यंत्रात बसवले. नूरी नस्तालीक म्हणतात ते हेच.

म्हणजे आधी कातिबाचे पान, मग यंत्र, मग संगणक आणि फिरून पुन्हा हाताने लिहिलेल्या पानाचे चित्र. मोबाइलवरच्या माझ्या वर्गाचा पहिला धडा हा असा दोनशे वर्षे मागे गेला.

शिकणारा एकीकडे आणि शिक्षण दुसरीकडे, हा प्रश्न मात्र कोल्हापूरला नवा नाही. शाहू महाराजांनी त्याचे उत्तर वसतिगृहात शोधले. १९०६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मोहमेडन एज्युकेशन सोसायटी आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकातून जाताना आजही ते दिसते. मूल खेड्यात असेल तर त्याला शहरात आणा, राहायला आणि जेवायला द्या, बाकी ते शिकेल, असा तो रोखठोक विचार. त्यावर पिढ्या शिकल्या. पण बोर्डिंग मुलांसाठी होते. मुलीला परगावी ठेवायची कल्पना तेव्हा कोणाच्याच घरात सहज मान्य झाली नसती, आमच्यात तर नाहीच. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी पुण्या-मुंबईहून कोल्हापुरात आली. तरी घराच्या उंबऱ्यापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचे अंतर पुष्कळ मुलींसाठी तेवढेच राहिले.

ते अंतर यंत्राने तोडायचा पहिला मोठा प्रयत्न दूरदर्शनवर झाला. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-१बी उपग्रहावरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. आयोगाच्या अध्यक्षा तेव्हा माधुरी शाह होत्या, मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या माजी कुलगुरू. त्यासाठी कार्यक्रम तयार करणारे एक केंद्र पुणे विद्यापीठातही होते. माझ्या लहानपणी शेजारच्यांच्या टीव्हीवर दुपारी हा कार्यक्रम लागायचा. चित्रे सुंदर असायची, पेशी, ज्वालामुखी, समुद्राचा तळ. भाषा बहुतेक इंग्रजी. अम्मी भाजी निवडत पडद्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “क्या की बोलरा, पन अच्छा बोलरा.” विद्यापीठ आमच्या दारापर्यंत येऊन परत गेले, ते भाषेमुळे.

पुढचे पाऊल जास्त शहाणपणाचे होते आणि त्यात यंत्र कमी होते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू राम ताकवले. शिक्षक समोर नसतानाही समजेल अशी मराठी पुस्तके, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र आणि नोकरी-संसार सांभाळून शिकायची सोय. १९९८ मध्ये हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ आले आणि तेही आधी दूरशिक्षणातूनच पसरले. इथे गाभा पुस्तकाचा होता, आणि पुस्तक वाचणाऱ्याच्या भाषेत होते. पुढे २००४ मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह सोडला गेला, २०१७ मध्ये ‘स्वयं’ हे संकेतस्थळ आले. तिथे चांगले अभ्यासक्रम आहेत, मी स्वतः पाहिले आहेत. पण उर्दू किंवा मराठी साहित्य घेऊन बसलेल्या मुलीला तिथे शोधाशोधच जास्त करावी लागते.

मोबाइलने एक गोष्ट अशी दिली जी यांपैकी कशानेही दिली नव्हती. मुलगी उलट बोलू लागली. टीव्हीला प्रश्न विचारता येत नव्हता, पुस्तकालाही नाही. फोनवर माझ्या मुली उतारा मोठ्याने वाचून आवाज पाठवायच्या. क़ाफ आणि काफ यांतला फरक मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर समजावला, तो या छोट्या ध्वनिफितींनी महिन्याभरात बसवला. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी रात्री सहा-सहा मिनिटे बोलायची.

रात्रीच, कारण दिवसा फोन तिचा नसायचा. “मॅडम, फोन अब्बाके पास हय, रात कू भेजती,” हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकले की वर्गाची वेळच रात्री नऊनंतरची झाली. आमच्या कळंब्याचे नाव पेपरात येते ते बहुधा मध्यवर्ती कारागृहात मोबाइल सापडला म्हणून. कारागृहाच्या भिंतीबाहेरही काही घरांत मुलीच्या हाती मोबाइल सापडणे हा लहान गुन्हा नसतो. हे केवळ मुसलमानांचे दुखणे आहे असे समजणाऱ्यांसाठी सांगते: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशभरात सुमारे ५४ टक्केच निघाल्या.

२८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असे सांगितले, आणि त्यानंतर राज्यात अनेक ठिकाणी त्या घरबसल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. ग़ालिबवर चार पर्याय आणि त्यातला एक बरोबर! ज्या मुलींनी सहा-सहा मिनिटे अर्थ उलगडून सांगितला होता, त्यांची तयारी अशा परीक्षेत दिसणार कुठून? मे २०२१ मध्ये आयोगाने प्रत्येक विषयाचे ४० टक्क्यांपर्यंत अध्यापन ऑनलाइन करण्याचा आराखडा मांडला. त्याला माझा विरोध नाही. पण तो वाचताना माझ्या मनात प्रश्न येतो तो घरातल्या फोनचा: घरात एकच फोन, शिकणारी भावंडे तीन, तर ते ४० टक्के कोणाचे?

आणखी एक चिंता आहे, ती माझ्या विषयाची. मुली आवाजात उर्दू सुरेख बोलतात, लिहितात मात्र रोमन अक्षरांत. फोनमध्ये उर्दू कळफलक बसवून दिला तरी. पुष्कळ फोनवर नस्तालीकऐवजी नस्ख़ वळणाची अक्षरे दिसतात, मग त्या म्हणतात हे तर अरबी वाटते. युनिकोडमधला नस्तालीक फॉन्ट गूगलने २०१४ मध्येच मोफत दिला आहे. पण तो कोणीतरी फोनमध्ये घालून द्यावा लागतो, आणि ते अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेले नाही. आता मी माझ्या सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये नव्याने टाइप करते आहे. निम्म्या झाल्या.

त्या पाचांपैकी तिघी पदवीधर झाल्या. एक अंगणवाडीत आहे, एकीने बी.एड.ला प्रवेश घेतला, तिसरीने शिलाईच्या पैशातून स्वतःचा फोन घेतला आणि पहिला संदेश मला पाठवला, रोमनमध्येच. चौथीचे लग्न दुसऱ्या वर्षाला असताना झाले. पाचवी ती, रात्री बोलणारी. तिचा नंबर अजून माझ्याकडे आहे. लावला की तिचा भाऊ उचलतो आणि सांगतो, निरोप देतो.