मोटारीच्या किल्लीचा इतिहास

जुन्या मोटारीची किल्ली कुलपांत अडली, कीं आपण चिडून ती पिळूं लागतों. पण त्या चिमुकल्या कुलपांत अर्धशतकाहून अधिक काळाचा इतिहास सांठलेला आहे.

प्रारंभीं इंजिन सुरू करण्यास दांडा हातानें फिरवावा लागे. इंजिनानें उलट झटका दिला, तर मनगट मोडे. १९११ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांनीं विजेचा स्टार्टर सिद्ध केला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींना तो लाभला आणि दांड्याचें भय ओसरूं लागलें. पण त्यासाठीं निराळी कळ दाबावी लागे. १९४९ मध्यें क्रायस्लर कंपनीनें तें कामही किल्लीकडेच सोंपविलें. पुढें चोरीस आळा बसावा म्हणून स्टिअरिंग जखडणारा खिळाही त्याच कुलपास जोडला गेला.

किल्ली अडण्याचें एक कारण येथेंच आहे. उभ्या मोटारीचीं चाकें वळलेलीं असलीं, तर त्या खिळ्यावर दाब येतो. अशा वेळीं स्टिअरिंग डावीउजवीकडे किंचित् हलवीत किल्ली हलकेच फिरवावी. तरीही अडली, तर कुलपांत ग्राफाइटची पूड सोडावी. साधें तेल नको, त्यावर धूळ चिकटते.

अडणारें कुलूप त्रासदायक खरें, पण सैल कुलूप घातक. २०१४ मध्यें जनरल मोटर्सनें अशाच दोषापायीं सुमारें २६ लक्ष मोटारी परत बोलाविल्या. धांवत्या मोटारीची किल्ली आपोआप मागें सरे, इंजिन बंद पडे आणि अपघातांत संरक्षक हवापिशवी उघडत नसे. १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीस द्यावी लागली.

म्हणून दुरुस्तीनंतर किल्ली सहज फिरते एवढ्यावरच समाधान मानूं नये. ती आपल्या जागीं ठाम राहते कीं नाहीं, हेंही पाहावें.