‘शास्त्राने धीर दिला’ हे वाक्य इतिहासात कसं वाचायचं?



आजचा लेख खास त्यांच्यासाठी, जे शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्यात राहून पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतायत आणि ‘विषय कुठला घेऊ?’ या प्रश्नापाशी अडकलेत. धर्माच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं, की एक अडचण हमखास येते. आत्मचरित्रात, पत्रात किंवा मुलाखतीत माणूस सांगतो, ‘माझी परीक्षा झाली, त्या वेळी शास्त्रातल्या वचनाने मला धीर दिला.’ आता या वाक्याचं करायचं काय?

बरेच विद्यार्थी इथे दोनपैकी एक वाट धरतात. काही जण ते वाक्य जसंच्या तसं प्रबंधात उतरवतात आणि पुढे जातात. काही जण ‘हे सगळे असंच लिहितात’ म्हणून सोडून देतात आणि थेट जात, पैसा, मिशनची मदत यांच्याकडे वळतात. पहिल्या वाटेने भक्तिपर चरित्र तयार होतं. दुसऱ्या वाटेने ज्या माणसाचा अभ्यास करायचा, त्याचंच म्हणणं गळून पडतं. मला वाटतं तिसरी वाट आहे. त्या वाक्याला प्रश्न विचारायचे. कुठला उतारा? कुठल्या भाषेत? कोणी वाचून दाखवला? आणि घटना घडल्यावर किती वर्षांनी हे सांगितलं जातंय?

उदाहरण म्हणून पंडिता रमाबाई घेऊ. त्यांच्याबद्दलची साधनं भरपूर आहेत, आणि त्यांची परीक्षा एकदा नाही, अनेकदा झाली.

परीक्षा बाप्तिस्म्याच्या आधीच सुरू झाली होती

रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचं आणि लोक देतील त्या दक्षिणेवर गुजराण करायचं. भागवतासारखा ग्रंथ रमाबाईंना पाठ होता. म्हणजे शास्त्र ही त्यांच्या घरातली रोजची गोष्ट होती. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. शास्त्रात सांगितलेली व्रतं केली, दानं केली, उपास केले, तरी काही उपयोग झाला नाही, असं रमाबाई पुढे लिहितात. उरलेली दोन भावंडं, रमा आणि श्रीनिवास, पायी फिरत 1878मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली. पण तोवर जुन्या श्रद्धेला मोठा तडा गेला होता.

हा मुद्दा नीट धरून ठेवा. शास्त्र संकटात कामी येत नाही, हा अनुभव रमाबाईंनी आधीच घेतला होता. त्यामुळे पुढे त्यांनी बायबलवर विश्वास ठेवला, तो ‘ग्रंथात लिहिलंय म्हणून खरं’ अशा भाबडेपणाने ठेवला असेल, हे पटत नाही. ग्रंथ पारखून घ्यायचा, ही सवय त्यांना दुष्काळानेच लावली होती.

विहिरीवरची बाई

1880मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. 1882मध्ये बिपिनबिहारी वारले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. बायबलशी त्यांचा जवळून संबंध आला तो असा, मराठीतून नव्हे.

1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथलं एक आश्रमगृह दाखवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायका तिथे राहात होत्या आणि भगिनी त्यांची मायेने सेवा करत होत्या. हे कशासाठी, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय असा. येशू भर दुपारी एका विहिरीपाशी थकून बसलाय. शोमरोनी जातीची एक बाई पाणी भरायला येते. यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. त्या बाईचे पाच नवरे होऊन गेलेत. हे माहीत असूनही तो तिच्याशी धर्माच्या मोठ्या प्रश्नांवर बोलतो.

हा उतारा इंग्लंडमधल्या वाचकाला सहसा दया आणि क्षमेचा वाटेल. आता तो आपल्याकडे आणून बघा. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तिथलं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. विहिरीवर कोण आधी जाणार, कोणाच्या हंड्याला कोणाचा हात लागलेला चालणार, पाणी मागणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. रमाबाई तर स्पर्शास्पर्शाच्या कडक नियमांत वाढलेल्या, जातीबाहेर लग्न केलेल्या आणि आता विधवा. त्यांना त्या विहिरीत जे दिसलं असेल, ते वाचून दाखवणाऱ्या भगिनीला दिसलं असेलच असं नाही.

उतारा तोच असतो. वाचणारा कुठून आलाय त्यावर त्यात काय सापडणार ते ठरतं. म्हणून ‘कुठला उतारा?’ हा प्रश्न विचारायचाच. ‘बायबलचा प्रभाव पडला’ या वाक्यातून काही कळत नाही. ‘योहान, चौथा अध्याय, फुलहॅम, 1883’ एवढं कळलं, की माणूस दिसायला लागतो.

धीर कोणाविरुद्ध?

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इथे गोष्ट संपते असं समजू नका. खरी ओढाताण त्यानंतरची आहे, आणि ती त्यांच्याच नव्या माणसांशी आहे.

बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत रमाबाई, वाँटेजच्या भगिनी जेराल्डाइन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्यात पत्रव्यवहार झाला. त्रैक्याचा सिद्धांत, अथनासियसचा मतांगीकार, चर्चने घालून दिलेले नियम यांतल्या कित्येक गोष्टी रमाबाईंना पटत नव्हत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: मी ख्रिस्ताचं आणि शास्त्राचं ऐकेन, पण धर्मगुरू सांगतो म्हणून ऐकणार नाही. एका पुरोहितशाहीतून बाहेर पडले ती दुसरीत शिरायला नाही. बीलबाई संयमाने उत्तरं देत. जेराल्डाइनना यात गर्व दिसे.

आता बघा, इथे शास्त्राने दिलेला धीर नेमका कशासाठी वापरला गेला? शंका दाबून टाकायला नाही. उलट शंका विचारता याव्यात म्हणून पायाखाली जमीन मिळावी, यासाठी. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांच्या मदतीवर शिकायचं, त्यांनाच ‘हे शास्त्रात कुठे आहे?’ असं विचारायला धीर लागतो.

साधनाबद्दल एक सूचना. ही पत्रं जेराल्डाइननीच जपली आणि एकत्र केली. पुढे 1977मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली. म्हणजे रमाबाईंचं बंड आपल्यापर्यंत पोचलं, ते त्या बंडाने दुखावलेल्या बाईच्या हातून. कुठलीही फाइल उघडली की ती कोणी जमवली, का जमवली, हे आधी बघायचं ते यासाठी.

1893: दुसऱ्या बाजूची परीक्षा

11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना स्वतःच्या खोलीत करत. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. 1893मध्ये यावरून मोठं वादळ झालं. ‘केसरी’ने टीका केली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं.

इथे रमाबाईंची बाजू घेऊन बाकीच्यांना खलनायक करण्याचा मोह होतो. तो टाळा. रानडे-भांडारकर स्त्रीशिक्षणाचे मित्र होते. पालकांनी मुली पाठवल्या त्या तटस्थतेच्या भरवशावर. आश्रयाला आलेल्या लहान विधवेच्या मनावर संचालिकेच्या श्रद्धेचा दाब पडत नसेल का, हा प्रश्न आजही कुठल्याही वसतिगृहाला विचारता येतो. दुसरीकडे, आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करण्याची मोकळीक बाईला आहे की नाही, हाही तितकाच खरा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न एकाच पानावर मांडता आले तर तुमचा प्रबंध उभा राहील.

रमाबाईंनी काम सोडलं नाही. केडगावला जमीन घेतली, 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका आणल्या आणि मुक्ती सदन वाढलं. 1870च्या दशकात ज्या मुलीचं घर दुष्काळाने नेलं, तीच वीस वर्षांनी दुष्काळातल्या मुली आणायला गेली. यामागे त्या स्वतः काय कारण सांगतात? श्रद्धा. आणि आपल्याला काय दिसतं? श्रद्धाही दिसते, जुनी जखमही दिसते. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

कधी सांगितलं, हे विसरू नका

रमाबाईंची साक्ष 1907मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात त्या सांगतात, की बाप्तिस्मा झाला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो 1891च्या सुमारास मिळाला. हे वाचताना लक्षात ठेवा, की 1883च्या बाईबद्दल 1907ची बाई बोलतेय. मधल्या चोवीस वर्षांनी जुन्या घटनांना नवा क्रम लावलाय. पत्रांत मात्र तो क्रम नाही. तिथे राग आहे, गोंधळ आहे. दोन्ही साधनं शेजारी ठेवली तरच चित्र पुरं होतं.

बाबा पदमनजी यांचंही तसंच. बाप्तिस्मा 1854चा, आत्मचरित्र ‘अरुणोदय’ 1888चं. चौतीस वर्षांचं अंतर. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई चार-पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि 1900मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला 1934मध्ये. त्यात वचनांची यादी शोधाल तर निराश व्हाल. त्यांचं मन हळूहळू पालटलं ते सोवळंओवळं, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, अशा घरातल्याच गोष्टींवरून. जात देवाने केली नसून माणसाने केली, हे त्यांना उमगलं आणि मग पुढचा मार्ग सोपा झाला. रमाबाईंना जे विहिरीच्या अध्यायात दिसलं, ते लक्ष्मीबाईंना घरातल्या हंड्यापाशी दिसलं. म्हणून साधनात शास्त्रवचन नसणं हाही पुरावा असतो. प्रत्येक साक्षीकडून एकाच साच्यातलं उत्तर मागू नका.

शेवटी भाषा

मराठीत संपूर्ण बायबल 1847मध्येच आलं होतं. तरी रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि नव्याने भाषांतर सुरू केलं. आधीची मराठी त्यांना संस्कृत शब्दांनी जड झालेली वाटे. खेड्यातल्या बाईला वाचता यावं, हा हेतू. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला तिथल्याच मुली. 1921च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. आईने काम चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या, आणि 1924मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.

आता आपल्या सुरुवातीच्या वाक्याकडे बघा. बंगालीतलं लूक, इंग्रजीतलं योहान, मग हिब्रू-ग्रीक, आणि शेवटी खेड्यातली मराठी. ‘शास्त्राने धीर दिला’ या तीन शब्दांत चार-पाच भाषा आणि चाळीस वर्षं दडलेली होती.

तुमच्या वहीसाठी

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास म्हटलं की वसई, अहमदनगर, पुणे आठवतं. शहापूर, मुरबाडकडे सहसा कोणी बघत नाही. तुम्ही तिथलेच असाल, तर जुन्या कुटुंबांशी बोलायला तुम्हाला दुभाषा लागणार नाही. आणि आसनगावहून किंवा कल्याणहून लोकल पकडून मुंबईतली ग्रंथालयंही गाठता येतील. मात्र जाण्याआधी वहीत पाच रकाने आखा: घटना कधी घडली, ती कधी सांगितली, कुठला उतारा आणि कुठल्या भाषेत, कोणाला उद्देशून सांगितलं, आणि समोरची बाजू काय म्हणत होती. मुलाखत असेल तर ‘तुमची श्रद्धा खरी का?’ असं कधीच विचारू नका. तो आपला प्रश्नच नव्हे. ‘तेव्हा कोणी वाचून दाखवलं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.

ज्या धर्माची साधनं तुम्ही वाचाल, त्याला हेच पाच रकाने लागू पडतील. वारकऱ्याने गाथेतून धीर घेतला असेल, बौद्ध कार्यकर्त्याने ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मधून. माणूस अडचणीत असताना नेमकं कुठलं पान उघडतो, यावरून तो कशाशी लढत होता ते कळतं.