गृहस्थाची सुरा

गोंदिया शहरास लागून असलेल्या फुलचुरासारख्या गांवीं वैशाख कसा जातो हें वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या घरांत शिरला म्हणजे पन्हें, ताक, सरबत यांची आठवण होते. आणि अलीकडे शहरांतील कांहीं हौशी तरुणांस आणखी एका पेयाची होऊं लागली आहे. तें पेय म्हणजे गव्हाची हलकी, नारिंगाच्या वासाची, घरींच आंबविलेली बिअर. वडीलधारी मंडळी याला विलायती खूळ म्हणतात. खूळ असेलही, परंतु विलायती म्हणून तें हंसण्यावारी नेतां येईल असें आमचा इतिहास सांगत नाहीं.

प्रथम हें पेय काय आहे तें पाहूं. बेल्जममधील हूगार्डन या गांवीं तें पिढ्यान्‌पिढ्या होत असे. सुमारें निम्मा कच्चा गहूं व निम्मे मोड आणून वाळविलेले जव भरडून ६५ अंशांच्या आसपास तापविलेल्या पाण्यांत तासभर ठेवले म्हणजे धान्यांतील पिठाची साखर होते. तो गोड काढा गाळून हॉप नांवाच्या वेलीच्या थोड्या बोंडांसह उकळावयाचा, उतरवितांना कुटलेले धने व नारिंगाची वाळलेली साल टाकावयाची, आणि निवाल्यावर किण्व घालून आंबूं द्यावयाचा. गव्हामुळें रंग दुधट येतो, म्हणून तिला ‘पांढरी’ म्हणतात. त्या गांवांतला हा धंदा मध्यंतरीं बुडाला होता. पियेर सेलिस नांवाच्या एका दूधवाल्यानें १९६६ सालीं त्याचें पुनरुज्जीवन केलें. यांतील धने आपल्या मसाल्याच्या डब्यांतले, गहूं आपल्या कणगींतला, आणि साल नागपुरी संत्र्याची चालावी. अडचण एवढीच कीं, हें किण्व वीस अंशांच्या आसपास सुखानें काम करतें. वैशाखांतील उष्म्यांत तें उग्र वास सोडतें. तेव्हां फुलचुराच्या उन्हाळ्यासाठीं पेय करावयाचें तर तें माघांतच आंबवावें लागेल.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे, आणि ती आजची नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षावर एक सबंध अध्याय आहे. तो वाचतांना आजच्या अबकारी खात्याचा अधिकारी समोर बोलत असल्याचा भास होतो. सुरेचा व्यापार राजाच्या ताब्यांत; पानगृहें किती व कोठें असावींत याचे नियम; गिऱ्हाइकांवर हेरांची नजर. मेदक नांवाच्या तांदळाच्या सुरेचें प्रमाणही तेथें दिलें आहे: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणाचे सोळा प्रस्थ, म्हणजे सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व त्याहूनही अधिक किण्व! आंब्याचा रस घातलेल्या सुरेचें नांवही यांत येतें. फळाच्या वासाची हौस कांहीं परक्यांकडून शिकावी लागली नाहीं. परंतु माझें लक्ष वेधतें तें शेवटच्या एका सवलतीकडे. गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगीं श्वेतसुरा, आणि औषधासाठीं अरिष्ट, करण्याची मुभा कौटिल्य देतो. उत्सव, जत्रा यांच्या वेळीं चार दिवसांची सूट देतो. इतका काटेकोर, इतका खजिन्याकडे डोळा लावून बसलेला शास्त्रकार; पण घरच्या मडक्यापुढें तोही थांबतो.

युरोपांतही ओढाताण हीच. बव्हेरियाच्या ड्यूकनें १५१६ सालीं बिअर जव, हॉप व पाणी एवढ्यांचीच करावी असा हुकूम काढला. गहूं भाकरीसाठीं राहावा हें त्याचें एक कारण सांगतात. मौज अशी कीं, पुढें १६०२ पासून गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्यानेंच आपल्याकडे घेतला व त्यावर बक्कळ पैसा मिळविला. सामान्य कारखानदारास तो हक्क १८७२ सालीं मिळाला. भाकरीची काळजी मक्ता हातीं येतांच कमी झालेली दिसते.

आतां आपल्या रानाकडे वळूं. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. त्यापूर्वीं, इंग्रजी अमलांत, हा मुलूख मध्यप्रांतांत होता. येथें गव्हा-जवाचें काम मोहाचें फूल करी. चैत्रांत पहाटे झाडाखालीं फुलांचा सडा पडतो; वाळलेल्या फुलाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास साखरच असते. पाण्यांत भिजत घातलें कीं चार दिवसांत तें आपोआप फसफसूं लागतें, मग भट्टीवर चढवून अर्क काढतात. म्हणजे बिअरहून हें पेय पुष्कळच कडक, हें मान्य केलें पाहिजे. परंतु गोंडांच्या घरीं जन्म, लग्न, मरण यांपैकीं कोणतेंही कार्य त्याशिवाय पुरें होत नसे. इंग्रज सरकारनें यांत उत्पन्न पाहिलें. मुंबई इलाख्यांत १८७८ चा अबकारी कायदा आला. १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत फूल घरीं बाळगण्यावरच बंधन घातलें. मध्यप्रांतांत १९१५ चा अबकारी कायदा झाला. मडकें घरांतून उठून मक्तेदाराच्या दुकानीं गेलें. आदिवासी पुष्कळ पीत म्हणून हें केलें, असें समर्थन करण्यांत आलें. दुकानांतून प्यालेल्या दारूनें ते कमी प्याले असें मात्र कोणास म्हणतां आलें नाहीं.

मी दारूचा कैवारी नाहीं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यासाठीं स्त्रियांनीं केलेली खटपट ज्याला ठाऊक आहे तो घरोघरच्या भट्टीचें गुणगान करणार नाहीं. दारुड्या नवऱ्याचा मार खाणारीस ‘श्वेतसुरा’ या शब्दाचें सौंदर्य सांगणें ही थट्टा होईल. परंतु कमी मादक आणि अति मादक, स्वतःपुरतें आणि विक्रीचें, हे भेद कौटिल्यास कळत होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही महाराष्ट्रास लागू आहे. त्याखालीं परवान्याविना मद्य तयार करणें गुन्हा आहे, मग तें घरच्या माणसांसाठीं घागरभर कां असेना. पुण्या-मुंबईच्या उपाहारगृहांत परवाना घेऊन हीच धन्या-संत्र्याची गव्हाची बिअर पिंपांतून ओतली जाते. गृहस्थ ती विकत घेऊन पिऊं शकतो, करूं शकत नाहीं.

मोहाच्या बाबतींत थोडें मोकळें झालें आहे. फुलें गोळा करणें, बाळगणें व वाहून नेणें यांवरील निर्बंध राज्य सरकारनें २०२१ सालीं उठविले. आतां चैत्रांत टोपलींतून घरीं आणलेलीं फुलें अंगणांत उघडपणें वाळत घालतां येतात. भिजत घालावयाचीं झालीं तर मात्र १९४९ सालचा कायदा आडवा येतो.