ग्रनियन

ग्रनियन : अ‍ॅथेरिनॉप्सिडी कुलातील, रुपेरी अंगाचा, सुमारे १३ ते १५ सेंमी. लांबीचा हा सागरी मासा (शास्त्रीय नाव ल्यूरेस्थीस टेन्यूइस) दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा यांलगत आढळतो. त्याला दात नसतात. प्लवकांवर निर्वाह करून तो वर्षभरात प्रजननक्षम होतो. एरवी उपेक्षितच राहिला असता अशा या जीवाची ख्याती झाली ती अंडी घालण्यासाठी पाणी सोडून वाळूवर येण्याच्या त्याच्या रीतीमुळे.

मार्च ते ऑगस्ट या हंगामात पौर्णिमा वा अमावास्या उलटल्यावर तीन-चार रात्री, भरती परमावधी गाठून ओसरू लागली की, मादी लाटेवर स्वार होऊन किनाऱ्यास लागते, शेपटीने वाळू उकरीत तीत उभी रुतते, भोवती वेढा घालणाऱ्या नरांचे रेत तिच्या अंगावरून ओघळत अंड्यांपर्यंत पोहोचते, आणि अर्ध्याएक मिनिटात हा विधी आटोपून ती पुढच्या लाटेबरोबर परतते. लोक याचे श्रेय चंद्राच्या मोहिनीस देतात. वस्तुतः मर्म आहे ते भरतीच्या हिशेबात. उधाणाच्या शिखरापूर्वी घातलेली अंडी दुसऱ्या दिवसाच्या थोरल्या भरतीने उकरून नेली असती. शिखर ओलांडल्यावर घातलेल्या अंड्यांवर मात्र उतरत्या भरतीच्या लाटा वाळूचे थरच चढवितात. त्या किनाऱ्यावर या ऋतूंत दिवसातील दोन भरत्यांपैकी मोठी रात्री येते, म्हणून हा सोहळाही रात्रीचा. कॅलिफोर्नियाच्या आखातातील याची सगोत्र जाती दिवसाही वाळूवर येते.

आमच्या मते मादीच्या या धिटाईपेक्षा अंड्यांचा संयम अधिक विस्मयकारक आहे. सुमारे दहा दिवसांत आतील गर्भ पूर्ण वाढतो, तरी अंडे आपण होऊन फुटत नाही; पुढल्या उधाणाच्या लाटांनी वाळूसकट घुसळून काढताच काही मिनिटांत पिल्ले बाहेर पडतात, आणि ते उधाण तिथवर पोहोचलेच नाही, तर गर्भ त्यापुढच्या उधाणाची वाट पाहत सुमारे चार आठवड्यांपर्यंत तग धरतो. किनारा झाडणारी यंत्रे या मुदतीत ही वाळू उपसतात. यास्तव हंगामात भरतीरेषेखाली ती न फिरविण्याची तजवीज अनेक ठिकाणी झाली आहे.

वाळूवर आलेला मासा हाताने सहज धरता येत असल्याने कॅलिफोर्निया राज्याने १९२७ मध्येच बंदीचा काळ ठरविला. २०२२ पासून एप्रिल ते जूनअखेर पकडण्यास संपूर्ण मनाई आहे. उरलेल्या काळात हातांखेरीज अन्य साधन वापरता वा वाळूत खड्डा खणता येत नाही, सोळा वर्षे व त्यावरील वयाच्या इसमास परवाना लागतो, आणि माणशी ३० माशांची मर्यादा आहे.