एक दार, दोन द्वारपाल

भामरागड म्हटले की प्रथम नद्या आठवतात. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तिघी येथे एकत्र येतात. देखावा मोठा सुंदर. पण याच नद्यांनी पावसाळ्यात या मुलखाची वाट कितीदा अडवली आहे! 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी जवळच हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पाऊस लागला की बाहेरच्या जगाशी महिनोन्‌महिने संबंध तुटत असे. पुढे रस्ता झाला, पूल झाला. तरी पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की आलापल्लीकडे जाणे-येणे बंद, असे अनेक पावसाळे लोकांनी पाहिले. वाट एकच असली म्हणजे काय होते, हे इथल्या माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही.

आज इतिहास सांगायचा आहे तो वाटेचाच. पण ही वाट संगणकाची. विषय शहरी वाटेल. मात्र आता रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, बँक, तहसील कचेरी, शाळेचे अर्ज, सगळे त्याच वाटेवर उभे आहे. तेव्हा ती समजून घेतलेली बरी.

29 ऑक्टोबर 1969 रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश गेला. त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. निरोपाचे लहान लहान तुकडे करायचे आणि एक वाट बंद पडली तर दुसरीने धाडायचे, ही त्यातली युक्ती. इंटरनेट वाढले ते याच तत्त्वावर.

पण गंमत बघा. मध्ये वाटा पुष्कळ झाल्या, आणि घराचे दार मात्र एकच राहिले! कचेरीतल्या प्रत्येक संगणकाला बाहेर जाण्याचा एकच पत्ता सांगून ठेवलेला असे. त्या पत्त्यावर एक यंत्र बसे, त्याला राउटर म्हणतात. ते बंद पडले की शंभर संगणक धडधाकट असूनही मुके. शेजारी दुसरा राउटर ठेवला तरी उपयोग नाही. कारण त्याचा पत्ता निराळा, आणि तो संगणकांना ठाऊक नाही.

यावर 1990 नंतरच्या दशकात तोड निघाली. सिस्को या कंपनीने आपल्या यंत्रांपुरती एचएसआरपी ही पद्धत काढली. मग एप्रिल 1998 मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने सर्वांसाठी व्हीआरआरपी हा नियम प्रसिद्ध केला. पेटंटचा वाद मात्र मागे लागला. त्याला कंटाळून ओपनबीएसडीच्या मंडळींनी कार्प नावाची स्वतःची पद्धत तयार केली आणि 2004 साली ती लोकांना मोकळी करून दिली.

नियम तसा सोपा आहे. नदीच्या उतारावर दोन नावाडी आहेत असे समजा. प्रवासी नावाड्याला नावाने हाक मारत नाही, घाटाला हाक देतो. जो पाळीवर असेल तो येतो. तसाच येथे दोन राउटरांना मिळून एक सामाईक पत्ता देतात आणि संगणकांना तोच सांगतात. दोघांवर गटाचा क्रमांक एकच घालायचा आणि मान ठरवून द्यायचा. एकाला 120, दुसऱ्याला 100. ज्याचा मान मोठा तो काम करतो आणि दर सेकंदाला ‘मी आहे’ अशी हाळी देतो. तीन हाळ्या चुकल्या की क्षणभर थांबून दुसरा पुढे येतो. साडेतीन-चार सेकंदांत पालट होतो, आणि तो बहुधा कोणाला कळतही नाही. रस्ता दाखवण्याचे काम करणाऱ्या मोठ्या स्विचांवरही हीच मांडणी करतात.

मार्च 2010 मध्ये नव्या, लांब पत्त्यांसाठी नियम सुधारला; एप्रिल 2024 मध्ये पुन्हा. त्या वेळी काम करणाऱ्या राउटरचे ‘मास्टर’ हे जुने नाव जाऊन ‘ॲक्टिव्ह’ हे नाव आले.

पण एवढ्याने भागत नाही हो! दोन्ही राउटर एकाच तारेला आणि एकाच विजेच्या बोर्डाला जोडले, तर तार तुटताच दोघेही निरुपयोगी. दोन नावाडी आणि डोंगा एकच, तशातली गत. शिवाय पुढची तार तुटली तरी पहिला राउटर आपल्या जागी ‘मी आहे’ म्हणतच राहतो! म्हणून तार गेली की त्याचा मान आपोआप उतरावा, अशी सूचना आधीच भरून ठेवावी लागते. आणि दोघांना एकमेकांची हाळीच ऐकू येईनाशी झाली, तर दोघेही कामावर उभे राहतात आणि गोंधळ उडतो.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. शाळेत किंवा दवाखान्यात जोडणी आली की मुलांकडून तिचा नकाशा काढून घ्या: यंत्र कोठे, वीज कोठून, तार कोणत्या रस्त्याने, कोणत्या पुलावरून. मग एकेक वस्तू खोडून विचारा, ‘आता निरोप कसा जाईल?’ जेथे उत्तर सापडणार नाही, तेथे दुसरी सोय हवी. ती पाऊस पडण्याआधी मागावी. पूर आल्यावर मागून काय उपयोग?