बोरिवली मार्गावरील मंडल-खंडक

मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या विद्युतीकरणाचा इतिहास बहुधा गाड्यांचा वेग व संख्या यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. विद्युत् वाहिन्यांच्या संरक्षणाचा प्रश्न त्यात मागे पडतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी पहिली विद्युत् गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने कुलाबा ते बोरिवली मार्गावर विद्युत् गाड्या सुरू केल्या. दोन्हीकडे १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह योजला होता.

घरगुती मंडलात अतिभार झाल्यास वितळतार जळून मंडल तोडते. परंतु ती पुन्हा बसवावी लागते, आणि त्या वेळी जाड तार बसविण्याचा मोह कोठेही आढळतो. रेल्वेस हे साधन पुरणारे नव्हते. तेथे मंडल-खंडक लागतो. प्रवाह ठरीव मर्यादेपलीकडे गेला की त्याच्या चुंबकीय प्रेरणेने अडकण सुटते व स्पर्शक विलग होतात. मात्र तेवढ्याने प्रवाह थांबत नाही; स्पर्शकांमध्ये प्रज्योत पेटते. प्रत्यावर्ती प्रवाह प्रत्येक अर्धावर्तनात शून्यावर येत असल्याने तेथे ती विझविणे सोपे असते. एकदिश प्रवाहात ती चुंबकीय क्षेत्राने ढकलून, ताणून व थंड करून विझवावी लागते, आणि तेही दोषप्रवाहाने कमाल पातळी गाठण्यापूर्वी.

याहून बिकट प्रश्न ओळखण्याचा होता. उपकेंद्रापासून दूर कोठे तार जमिनीस टेकली, तर तारेच्या व रुळांच्या रोधामुळे दोषप्रवाह मर्यादित राहतो. उलट अंधेरीहून दोन भरलेल्या गाड्या एकाच वेळी निघाल्या, तर निर्दोष प्रवाहही तेवढाच होऊ शकतो. मर्यादा खाली ठेवावी, तर ऐन गर्दीत गाड्या खोळंबणार. वर ठेवावी, तर दोष न ओळखला जाऊन तार तापून तुटणार. एकदिश कर्षणात यावर निघालेला एक उपाय असा, की प्रवाहाच्या परिमाणाऐवजी त्याची वाढ पाहावी. मोटारींचा प्रवाह पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, दोषप्रवाह एकदम उसळतो.

मुळाशी जाणारा उपाय मात्र दाब वाढविण्याचाच होय. १५ लक्ष वॅट शक्तीसाठी १,५०० व्होल्टला १,००० अँपिअर प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टला, शक्तिगुणक एक धरल्यास, अवघा ६०. हे परिवर्तन पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली व हार्बर मार्गावर २०१६ साली पूर्ण झाले. बोरिवलीच्या तारेतील भार व दोष यांमधील अंतर त्यामुळे पुष्कळ स्पष्ट झाले. शिवाय तिच्यातील प्रवाह आता दर सेकंदास शंभर वेळा आपण होऊन शून्यावर येतो.