दप्तरातले आपले पूर्वज

आपल्या घरांतून वडीलधारी माणसे शजरा सांगतात. कोणाचे बुजुर्ग विजापूरहून आलेले, कोणाचे अहमदनगरहून. सारे तोंडी. कागद मागितला की बैठक गप्प होते. वास्तविक पुण्यात कागदांचा तोटा कधीच नव्हता.

1818 साली पेशवाई गेली आणि तिची दप्तरे इंग्रजांच्या ताब्यात आली. पुढे जमिनी व वतने कोणाची, हे तपासण्यासाठी इनाम कमिशन बसले. त्या चौकशीत आणखी कागद गोळा झाले. हा कोट्यवधी कागदांचा साठा आज पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे आपल्या 'पेशवे दप्तरा'त आहे. त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतर प्रसिद्ध केले. या दप्तरात केवळ लढाया नाहीत. काजी आहेत, दर्ग्याचे मुजावर आहेत, गावगाड्यातला मुलाणा आहे. परंतु बहुतेक लिखाण मोडीत. मोडीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नाही. तेव्हा अरबी-फारसी नावे ओळखणे जाणकारालाही जड जाते. आपला जो माणूस उर्दू वाचतो त्याला मोडी येत नाही, आणि ज्याला मोडी येते त्याला आपली नावे परकी वाटतात. या दोघांच्या मध्ये आपला इतिहास अडकून पडला आहे.

1857 साली पुण्यात नगरपालिका आली, 1950 साली महानगरपालिका झाली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे उतारे, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, शाळेचे जनरल रजिस्टर, अशा वह्यांतून सामान्य माणूसही सरकारदरबारी उमटू लागला. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शुल्क भरून नोंदीचा शोध व उतारा मागता येतो. 2005 च्या माहिती अधिकाराने आणखी दारे उघडली.

या वह्यांची खरी किंमत कळली ती आरक्षणाच्या वेळी. तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा जमातींना इतर मागासवर्गाच्या सवलती मिळू लागल्या. पण दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला काढावा, तर जातीच्या रकान्यात एकच शब्द, 'मुसलमान'. लिहिणाऱ्याने धर्म हीच जात मानली. आणि दोष त्याचा एकट्याचा नाही. धंद्याचे नाव सांगण्यात आपल्याच लोकांना कमीपणा वाटला आणि त्यांनी 'शेख' लिहवले. इस्लाममध्ये जात नाही, हे खरे. पण गरिबी होती, पिंजण होते, पानाचे दुकान होते. ते लपवल्याने पुसले गेले नाही. नातवाची फी माफ होण्याची वाट मात्र बंद झाली.

आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक दरवर्षी नवी नावे रजिस्टरात चढवतो. तो रकाना भरताना आमच्या हातून उद्याचा पुरावा तयार होत असतो. पालकांना नीट विचारून, नावाचे एकच शुद्धलेखन ठरवून लिहिणे, एवढे तरी आमच्या हाती आहे. मागचे शोधण्यासाठी एका दाखल्यावर थांबू नये. आजोबांच्या भावाची शाळा, चुलत्यांची जन्मनोंद, जुने खरेदीखत, एखाद्या ठिकाणी धंद्याचा उल्लेख सापडतोच. आणि आपल्या दहा-पाच तरुणांनी मोडी शिकावी. दप्तर आपलेही आहे, त्यात आपले लोक आहेत. त्यांची नावे वाचणारे डोळे मात्र आपल्यालाच द्यावे लागतील.